बेटाचे नाणे

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या दादरच्या घरी भाचरे जमली होती. दुपारची जेवणे आटोपली की दिवाणखान्यात व्यापाराचा पट मांडावयाचा, हा त्यांचा नित्यक्रम. तिसऱ्या दिवशी असे आढळून आले की, पटाबरोबर आलेल्या खेळातल्या नोटांपैकी निम्म्याअधिक कोठेतरी गहाळ झाल्या आहेत. पेढी सांभाळणारा अकरा वर्षांचा भाचा यामुळे मुळीच डगमगला नाही. आमच्या टेबलावरचे पाठकोरे कागद घेऊन त्याने पट्ट्या कापल्या, त्यांवर आकडे घातले, खाली ऐटीत आपली सही ठोकली आणि डाव पुढे चालू केला. त्याच्या धाकट्या बहिणीने मात्र आपल्या हाती आलेली नोट उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, "ही मी तुला परत दिली तर तू मला काय देशील?" तो क्षणभर गोंधळला. मग म्हणाला, "शंभराला एक चकली." एवढ्याने तिचे समाधान झाले, व संध्याकाळपर्यंत त्या कागदांवर मुंबईतील निम्मी घरे विकली गेली.

त्या पोरीने विचारलेला प्रश्न साधा दिसतो खरा. पण जगातील प्रत्येक नाण्याला तो कधी ना कधी ऐकावा लागला आहे. मोठ्या राज्यात तो सहसा कोणी मोठ्याने विचारीत नाही, कारण तेथे नाण्यामागे फौज, न्यायालये व करवसुली उभी असते. एखाद्या लहानशा बेटावर कोणी आपल्या नावाचे नाणे काढले, म्हणजे मात्र तो उघडा पडतो. म्हणून अशा बेटांच्या नाण्यांकडे केवळ कौतुकाच्या वस्तू म्हणून पाहू नये, असे आम्हांस वाटते.

इंग्लंडच्या पश्चिमेस ब्रिस्टलच्या आखाताच्या तोंडाशी लंडी नावाचे एक खडकाळ बेट आहे. लांबी सुमारे तीन मैल, वस्ती मूठभर माणसांची. मार्टिन कोल्स हार्मन नावाच्या धनिकाने ते 1925 साली विकत घेतले आणि 1929 साली स्वतःच्या नावाची नाणी बर्मिंगहॅमच्या टाकसाळीत पाडवून घेतली. एका बाजूस हार्मनसाहेबांचा मुखवटा, दुसऱ्या बाजूस त्या बेटावर घरटी करणारा पफिन नावाचा रंगीत चोचीचा पक्षी; आणि नाण्याचे नावही पफिनच. एक पफिन म्हणजे इंग्लंडचा एक पेनी. अर्धा पफिनही होता. दोन्ही मिळून एक लाख नाणी पाडली गेली. म्हणजे बेटावरील प्रत्येक माणसाच्या, मेंढराच्या आणि बहुधा पफिनाच्याही वाट्यास पुष्कळ आली असती! सरकारने 1870 च्या नाणेविषयक कायद्याखाली खटला भरला. आपले बेट म्हणजे स्वतंत्र सत्ता आहे, असा हार्मनने बचाव केला. पण त्याला पाच पौंड दंड झाला, आणि 1931 साली वरच्या न्यायालयानेही तोच निकाल कायम केला. आज ती नाणी संग्राहकांच्या पेटीत आहेत आणि दर्शनी किमतीच्या कितीतरी पट मोलाने विकली जातात. हार्मनचा दंड त्यांतूनच सहज फिटला असता.

लंडीचा प्रकार हौसेचा होता. त्यात कोणाचे नुकसान झाले नाही. हिंदी महासागरातील कोकोस अथवा कीलिंग बेटांची कथा मात्र वेगळी आहे. क्लूनीस-रॉस या स्कॉटिश घराण्याने 1827 पासून तेथे नारळाची लागवड केली, आणि व्हिक्टोरिया राणीने 1886 साली ती बेटे त्या घराण्यास कायमची बहाल केली. मळ्यात राबणारे मजूर मलय वंशाचे होते. त्यांना मजुरी मिळे ती मालकाच्याच चलनात: प्रथम मेंढीच्या कातड्याच्या नोटा, आणि 1913 साली हस्तिदंताची नक्कल करणाऱ्या कृत्रिम द्रव्याच्या चकत्या. आपल्या लोकांस चमत्कारिक वाटेल ती गोष्ट ही की, त्या चकत्यांवर मूल्य रुपयांत लिहिलेले असे. रुपया असा समुद्र ओलांडून गेला होता; पण रुपयाचा गुण मात्र त्याबरोबर गेला नव्हता. कारण ती चकती मालकाच्या दुकानावाचून अन्यत्र कोठेही चालत नसे. बेट सोडून जाऊ पाहणाऱ्याच्या हातातील आयुष्यभराची शिल्लक पहिल्याच बंदरात मातीमोल ठरावयाची. ऑस्ट्रेलियाच्या सरकारने 1978 साली त्या घराण्याकडून बेटे विकत घेतली, तेव्हा हे चलन संपले. "मी तुला परत दिली तर तू मला काय देशील?" हा प्रश्न त्या मजुरांनी कोणाला विचारावयाचा होता?

पण इतक्या लांब जाण्याचे तरी काय कारण? ज्या भूमीवर बसून आम्ही हे लिहीत आहो, तीही एकेकाळी बेटेच होती; त्यांचा मालकही एक व्यापारी मंडळीच होती, आणि तिनेही आपल्या नावाचे नाणे पाडले होते. पोर्तुगालच्या राजकन्येच्या विवाहाच्या करारात 1661 साली मुंबई इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सकडे गेली, 1665 साली तिचा प्रत्यक्ष ताबा मिळाला, आणि 1668 साली राजाने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. दहा पौंडांचा हा भाडेकरू पुढे घरमालक होऊन बसला, ती कथा सर्वश्रुत आहे. आपणांस पाहावयाचे आहे ते त्याच्या नाण्याचे.

त्या वेळच्या मुंबई-माहीमकडे आजच्या डोळ्यांनी पाहून चालणार नाही. दादरच्या पोर्तुगीज चर्चची स्थापना 1596 ची. त्याच्या आसपास माडांच्या वाड्या आणि भाताची खाचरे होती. बाजारात नाणी चालत ती दहा मुलुखांची. पोर्तुगीजांचा अश्रफी ऊर्फ झेराफिन, चांदीची तार दुमडून केलेली लारी, मोगली रुपया, विजापुरी होन, आणि गरिबांच्या हातात कथलाशिशाचे बुजरूक. तीन लाऱ्यांचा एक झेराफिन व ऐंशी रेसांची एक लारी, असा हिशेब होता. त्यांतील रेस हे नाव मुंबईच्या हिशेबवह्यांत एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकले: शंभर रेसांची पावली, चार पावल्यांचा रुपया. या गर्दीतून वाट काढून देणारा एकच माणूस होता, तो म्हणजे सराफ. तो नाणे दगडावर वाजवी, कसोटीवर घाशी, ताजव्यात घाली आणि बट्टा कापून घेई. खणखणीत नाणे, बट्टा लागणे, पारखून घेणे हे आपल्या भाषेतील वाक्प्रचार त्या सराफकट्ट्यावरूनच घरात आले आहेत.

अशा बाजारात मुंबईचा गव्हर्नर जेराल्ड आँजियर याने 1672 साली टाकसाळ उघडली. नाण्यांची नावेही ठरली: सोन्याचे ते कॅरोलिना, चांदीचे अँग्लिना, तांब्याचे कॉपरून आणि कथलाचे टिनी. चांदीच्या नाण्यावर कंपनीची ढाल, भोवती तिचे नाव, आणि मागे लॅटिन भाषेत 'मुंबईचे नाणे, इंग्रजी अंमलाचे सातवे वर्ष' अशा अर्थाचा लेख. शिवाय 'ईश्वरापासून शांती व वृद्धी' असे एक बोधवाक्य. मुंबईच्या बाजारात लॅटिन वाचणारा कोण होता? फार तर एखादा पाद्री. माहीमच्या भंडाऱ्याला किंवा मांडवीच्या वाण्याला त्या अक्षरांत आणि माशीच्या पायांत काही अंतर दिसले असेल, असे वाटत नाही. अँग्लिना आणि टिनी ही नावे मराठीत रुळली नाहीत. लोकांच्या तोंडी न बसलेले नाणे त्यांच्या कनवटीस तरी कसे बसावे?

याहून मौजेची गोष्ट पुढेच आहे. त्याच 1672 साली आँजियरने बेटावरील जमीनदार रयतेशी एक करार केला. जमिनींचा हक्क रयतेकडे राहावा आणि तिने कंपनीस वर्षाकाठी ठरावीक रक्कम द्यावी, असा तो करार. रक्कम किती? वीस हजार झेराफिन! एका हाताने कंपनी स्वतःचे नाणे पाडीत होती आणि दुसऱ्या हाताने आपला सारा पोर्तुगीज नाण्याच्या हिशेबात बांधून घेत होती. व्यापारी माणूस आपल्याच हुंडीवर किती विश्वास ठेवतो, हे पाहावयाचे असेल तर तो स्वतःचे येणे कोणत्या चलनात लिहितो ते पाहावे.

बेटाच्या आत तर ही स्थिती. आणि मुंबईच्या व्यापाराचा जीव बेटाच्या बाहेर होता. माल येई तो पलीकडच्या मुलुखातून, आणि त्या मुलुखाचा धनी होता शिवाजी महाराज. 1674 च्या जून महिन्यात रायगडावर राज्याभिषेक झाला, त्या प्रसंगी कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन हा नारायण शेणवी या दुभाष्यास घेऊन हजर होता. वकिलाने जी कलमे पुढे ठेविली त्यांत एक कलम नाण्याचे होते: कंपनीचे नाणे महाराजांच्या राज्यात चालावे, आणि त्यांचे मुंबईत. यावर महाराजांकडून आलेले उत्तर, त्या काळी मुंबई-सुरतेकडे असलेला कंपनीचा वैद्य जॉन फ्रायर याने आपल्या प्रवासग्रंथात नमूद करून ठेविले आहे. त्याचा आशय असा की, हे कलम घालण्याचे प्रयोजन नाही. आपण कोणतेही नाणे आपल्या राज्यात चालण्यास मनाई करीत नाही; परंतु ज्यात रयतेस तोटा येईल असे नाणे घेण्याची तिच्यावर सक्तीही करता येत नाही. कंपनीचे नाणे मोगलांच्या व इतर राजांच्या नाण्याइतके कसदार आणि वजनदार असेल, तर त्यास आपली हरकत असणार नाही.

हे उत्तर इंग्रजांच्या लेखणीतून आपल्यापर्यंत आलेले आहे, हे ध्यानात ठेवूनही आम्हांस ते फार मोलाचे वाटते. ही एक मुत्सद्द्याची टाळाटाळ होती, असेही कोणी म्हणू शकेल: नकार द्यावयाचा, पण तो नकार वाटू नये, अशा बेताचे ते उत्तर. आमचे मत तसे नाही. राज्याभिषेकाचे ते दिवस होते. स्वतःच्या नावाचा सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडणारा नवा छत्रपती त्या क्षणी सहज म्हणू शकला असता की, माझ्या राज्यात माझाच शिक्का चालेल. तो तसे म्हणत नाही. नाणे चालविणारा राजा नव्हे, ते घेणारी रयत होय, आणि रयत ते घेते कसावर व वजनावर, हा विचार त्या दोन-तीन वाक्यांत स्पष्ट आहे. त्यांत 'रयतेस तोटा' हा शब्द नसता तर आम्ही त्यास व्यवहारज्ञान म्हणून सोडून दिले असते. कोकोसच्या मजुरांची आठवण ठेवून ते उत्तर पुन्हा वाचावे, म्हणजे त्या शब्दाचे वजन कळते.

महाराजांच्या स्वतःच्या तांब्याच्या नाण्याचे पुढे काय झाले, हेही पाहण्याजोगे आहे. एका बाजूस 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' ही देवनागरी अक्षरे असलेली शिवराई महाराजांच्या पश्चात दीडशे वर्षे पडत राहिली. पेशव्यांच्या काळी तर टाकसाळींचे परवाने खाजगी माणसांसही मिळत. न्यायमूर्ती रानडे यांनी मराठ्यांच्या टाकसाळींवरील आपल्या निबंधात नागोठण्याच्या बाळाजी बापूजीस मिळालेल्या परवान्याचा उल्लेख केला आहे. कोणा सोनाराने अक्षरे उलटी कोरली, कोणी काना-मात्रा गाळली, कोणी निम्मा लेख नाण्याच्या कडेबाहेर जाऊ दिला. तरी एकोणिसावे शतक संपत येईपर्यंत दख्खनच्या खेड्यापाड्यांत शिवराई चालतच होती. तांब्यात लबाडी झाली नाही असे नव्हे, पुष्कळ झाली. पण नाव लोकांच्या तोंडी बसले होते.

इकडे मुंबईत कंपनीने धडा घेतला, पण सावकाश. 1676 साली चार्ल्स राजाने टाकसाळीस रीतसर सनद दिली, तीत अँग्लिना किंवा कॅरोलिना नसून रुपये, पैसे व बुजरूक अशी देशी नावे आहेत. लगेच 1677 साली 'मुंबईचा रुपया' असे इंग्रजी अक्षरांत लिहिलेले नाणे निघाले. नाव देशी, अक्षरे परकी. पुढे फारसी अक्षरेही आली, पण नाव राहिले विल्यम राजाचे आणि मेरी राणीचे. हा प्रकार बादशहाच्या कानी गेला. 1695 साली इंग्रज चाच्यांनी गंज-इ-सवाई हे बादशाही जहाज लुटले, त्या प्रकरणात इतिहासकार खाफी खान मुंबईस येऊन इंग्रजांशी बोलून गेला. आपल्या राजाच्या नावाचे रुपये पाडण्याचा अपराध त्यानेही इंग्रजांच्या माथी मारला आहे. त्याच ठिकाणी तो लिहितो की, या बेटाचे उत्पन्न ते काय? मुख्यतः सुपारी आणि नारळ यांचे. सारे मिळून दोन-तीन लाखही नाही. त्या नारळांत आमच्या दादर-माहीमचे नारळ असलेच पाहिजेत. तेव्हा खाफी खानाच्या तुच्छतेचा थोडा वाटा आम्हांसही पोचतो.

शेवटी कंपनी नमली. 1717 साली फर्रुखसियर बादशहाकडून मुंबईस रुपये पाडण्याची परवानगी मिळाली, आणि मोगल बादशहाच्या नावाचा, फारसी अक्षरांचा, टाकसाळीचे नाव 'मुंबई' असलेला रुपया बाहेर पडू लागला. तो मात्र चालला. कंपनीला आपला शिक्का चालविण्याचा मार्ग सापडला तो असा की, त्यावर आपले नाव घालावयाचे नाही! या नाटकाचा शेवटचा अंक तर शोकात्म आहे. सुरत 1800 साली कंपनीच्या पूर्ण ताब्यात आली. त्यानंतर सुरतेचे नाव असलेले शाह आलम बादशहाचे रुपये मुंबईच्या टाकसाळीत पडू लागले. त्यांवर बादशहाच्या राज्याचे 46 वे वर्ष कोरलेले असे. तो आंधळा बादशहा 1806 साली वारला. नाण्यावरचे 46 वे वर्ष काही संपले नाही. कॅप्टन जॉन हॉकिन्सने टाऊन हॉलशेजारी बांधलेल्या नव्या टाकसाळीत वाफेची यंत्रे आली, त्या यंत्रांनीही तेच 46 वे वर्ष छापले. 1835 च्या कायद्याने साऱ्या मुलुखात एकच रुपया आला आणि त्यावर विल्यम राजाचा मुखवटा बसला, तेव्हाच मेलेल्या बादशहाची सुटका झाली.

गरिबाच्या हातातील खुर्द्याची कथा याहून हलकी. अठराव्या शतकात कंपनीने कथलाचे व तत्सम हलक्या धातूंचे पैसे पाडले. त्यांवर मुकुट, आणि इंग्लंडच्या राजाच्या व संसदेच्या कृपाछत्राचा लॅटिन उद्घोष. रुपयावर बादशहाचे नाव, कारण रुपया बेटाबाहेर जावयाचा. पैशावर मात्र आपला मुकुट, कारण पैसा बेटातच राहावयाचा. ज्याला बाहेर सराफापुढे उभे राहावयाचे आहे त्याला कस, आणि ज्याला जाण्यास दुसरी जागा नाही त्याला कथील. 1791 सालापासून इंग्लंडातील सोहोच्या कारखान्यातून यंत्रावर पाडलेले तांब्याचे पैसे येऊ लागले. त्यांवर एका बाजूस कंपनीची गठ्ठ्याची खूण आणि दुसऱ्या बाजूस तराजू, व त्याच्या पारड्यांच्या मध्ये 'अदल' म्हणजे न्याय हा शब्द. तो येण्यास शंभरांहून अधिक वर्षे लागली.

खाजगी चलनाची दारे पुढे एकामागून एक बंद झाली. 1840 साली स्थापन झालेली बँक ऑफ बॉम्बे टाऊन हॉलचे चित्र असलेल्या आपल्या नोटा काढीत असे. 1861 च्या कायद्याने नोटा काढण्याचा हक्क सरकारने आपल्याकडे घेतला. 1889 च्या कायद्याने चलन म्हणून वापरावयाच्या खाजगी धातूच्या चकत्यांस बंदी केली. तो कायदा 2011 च्या नाणे अधिनियमात विलीन झाला आहे. मागताक्षणी धारकास पैसे देण्याचे वचन असलेली नोट रिझर्व्ह बँक व केंद्र सरकार यांवाचून कोणी काढू नये, असे 1934 च्या रिझर्व्ह बँकेच्या कायद्याचे 31 वे कलम सांगते. हार्मनसाहेबांनी घारापुरी विकत घेतली असती, तर त्यांना येथेही सुटका नव्हती. दुकानदार सुट्या पैशांऐवजी हातावर गोळी ठेवतो त्यास कोणते कलम लागते, हे मात्र आम्हांस कोणा वकील मित्राने अद्याप सांगितलेले नाही. ती गोळी परत नेऊन दिल्यास तो काय देईल, हे विचारून पाहण्याचा धीर आम्हांस झालेला नाही.

हॉकिन्सची टाकसाळ अजून चालू आहे. वाचकांनी खिशातील एखादे नाणे काढून सालाच्या आकड्याखाली पाहावे. तेथे लहानसा हिरा दिसला तर ते मुंबईचे. आम्ही तो मुलांस भिंगातून दाखविला. तो पाहून झाल्यावर धाकटीस आपल्या नोटांची आठवण झाली. तीनशेच्या नोटा घेऊन ती भावाकडे गेली, भाऊ स्वयंपाकघरात गेला, आणि डबा उघडून पाहतो तो रिकामा. शेवटच्या चार चकल्या दुपारच्या चहाबरोबर आम्हीच संपविल्या होत्या. पेढीची गंगाजळी आमच्या पोटात गेली आहे, हे त्या वेळी कबूल करण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. त्यांतील एक नोट सध्या आमच्या फ्रायरच्या ग्रंथात, रायगडच्या पानाशी, खुणेसाठी ठेविलेली आहे. पोरीने ती आमच्याजवळ विश्वासाने ठेवावयास दिली असून, तिच्यावरची चकली अद्याप येणे आहे.